ट्रॅक्टर चालू होईना? आधी कान द्या, मग पाना उचला



आजचा विषय ऐन पेरणीच्या वेळी घाम फोडणारा आहे. मृगाचा पाऊस पडला, रानाला वाफसा आला, बी-खत घरात येऊन पडले, पेरणी यंत्र जोडले, किल्ली फिरवली, आणि ट्रॅक्टर चालूच होईना! अशा वेळी काय करावे, हे मी आज सांगणार आहे. मी मुरुडला ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम करतो. बोरगाव काळे, निवळी, ढोकी या बाजूच्या शिवारांतून मला जे निरोप येतात, त्यांतले निम्म्याहून जास्त निरोप मालकाने स्वतः अर्धा तास शांतपणे पाहिले असते तर आलेच नसते. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरे आहे.

आपली जमीन काळी, भारी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे आपल्याला कृषी विभाग दर वर्षी सांगतो. तेवढा पाऊस झाला की चार-दोन दिवसच रान पेरणीजोगे असते. त्याआधी चाक रुतते, त्यानंतर एक तर परत पाऊस येतो, नाहीतर वरची ओल उडून जाते. म्हणजे वाफशाच्या दिवसात ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला, तर नुसते दुरुस्तीचे पैसे जात नाहीत, पेरणी आठवडाभर पुढे जाते. आणि ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, भाड्याच्या ट्रॅक्टरवर ज्याची पेर आहे, त्याची पाळी तर आणखी मागे पडते.

इंजिनाला काय लागते?

पेट्रोलच्या गाडीत ठिणगीने पेट्रोल पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवले. त्याची युक्ती अशी, की सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबायची. तेवढी दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतो आणि डिझेल आपोआप पेटते.

म्हणून इंजिन चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. एक, ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दोन, नोझलपर्यंत स्वच्छ, बिनहवेचे डिझेल पोचले पाहिजे. तीन, आत भरपूर हवा येऊन ती नीट दाबली गेली पाहिजे. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, बिघाड या तिन्हींपैकी एकात असतो. कशात आहे, हे ओळखायचे आणि तेवढेच उघडायचे. सगळे उघडत बसायचे नाही.

पाना उचलण्याआधी

पहिल्यांदा खाली उतरू नका, सीटवरच बसा आणि एवढे पाहा.

गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? पी.टी.ओ.चा दांडा सुटलेला आहे का? पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच पुरता दाबल्याशिवाय किंवा दांडा न्यूट्रलला आणल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ती सोय तुमच्या जिवासाठी केलेली असते.

इंजिन बंद करायची खेचण्याची मूठ पूर्ण आत गेली आहे का? काल संध्याकाळी ती ओढून ट्रॅक्टर बंद केला आणि तार गंजल्यामुळे ती अर्धवटच आत गेली, तर पंप डिझेल सोडणार नाही. मूठ आत दिसली तरी पंपावरची दांडी परत फिरली की नाही, हे डोळ्याने पाहा. ज्या ट्रॅक्टरला किल्लीनेच बंद करायची सोय आहे, त्यात किल्ली फिरवताच पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज आणि तिथली वायर बघा.

टाकीत डिझेल आहे का? हसू नका. काटा बिघडलेला असतो आणि आपण काट्यावर विश्वास ठेवतो. झाकण उघडून काडी घालून बघा. खालचा कॉक चालू आहे का, तेही बघा.

आता किल्ली फिरवा आणि कान द्या. पुढचे सगळे इंजिनच सांगते.

सेल्फ फिरतच नाही, किंवा नुसते ‘टिक-टिक’ होते

हे बॅटरीचे काम आहे. मोठा दिवा लावा आणि सेल्फ मारा. दिवा अगदी मंद होऊन विझायला लागला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके ढिली आहेत. दिवा जसाच्या तसा झगझगीत राहिला, तर बॅटरीत दम आहे, पण करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. मग किल्लीचा स्विच, क्लचखालचा सेफ्टी स्विच आणि सेल्फवरच्या सोलेनॉइडची बारीक वायर तपासा. उन्हाळाभर ट्रॅक्टर गोठ्यात कडब्याशेजारी उभा असेल तर उंदराने वायर खाल्लेली असते, हे ध्यानात ठेवा.

पण सगळ्यात जास्त सापडणारा दोष एकच. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो, आणि बॅटरीपासून सांगाड्याला गेलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा नट गंजलेला असतो. बॅटरी नवी असली तरी त्या थरातून सेल्फला लागणारा करंट जात नाही. आधी मायनसचे, म्हणजे अर्थिंगचे टोक सोडा, मग प्लसचे. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टोके धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगचा नट सोडून त्याखालचा रंग आणि गंज खरवडा, मग आवळा. पुष्कळ वेळा ट्रॅक्टर एवढ्यावर चालू होतो.

बॅटरी खरेच उतरली असेल तर दुसऱ्या बॅटरीवरून जोड द्या. दोन्ही बारा व्होल्टच्याच हव्यात. प्लसला प्लस जोडा. दुसरी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसवरून आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. बॅटरीजवळ बिडी-काडी नको आणि आतले पाणी बघायला काडी पेटवून धरायची तर नकोच नको. बॅटरी फुटून तेजाब डोळ्यांत जाते.

सेल्फ दहा सेकंदांच्या वर सलग मारू नका. मध्ये एक-दोन मिनिटे थांबा. सलग दाबून ठेवल्याने बॅटरी बसते आणि सेल्फही जळतो.

एक धोका वेगळा सांगतो. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा होता, सायलेन्सरच्या तोंडावर डबा नव्हता, आणि आता बॅटरी चांगली असूनही इंजिन ‘ठक्’ करून अडते, तर जोर करू नका. सायलेन्सरवाटे सिलिंडरमध्ये पाणी गेले असण्याची शक्यता असते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी मेकॅनिकलाच बोलवा. एक फुटका डबा सायलेन्सरवर पालथा घातला असता तर एवढे झाले नसते.

सेल्फ चांगला फिरतो, पण धूर येत नाही

इंजिन झपझप फिरते आणि सायलेन्सरमधून धुराची वळीसुद्धा निघत नाही, म्हणजे डिझेल आत पोचत नाही. टाकी एकदा कोरडी पडली, फिल्टर बदलला किंवा पाइप सुटला की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. पंप हवा दाबत बसतो आणि नोझल फवारा मारत नाही. याला आपण ‘ट्रॅक्टरने हवा धरली’ म्हणतो. हवा काढणे प्रत्येक मालकाला आलेच पाहिजे. रीत अशी :

(१) टाकीत निदान पाव टाकी डिझेल घ्या, कॉक चालू करा. फिल्टर आणि पंपाच्या आजूबाजूची माती चिंधीने पुसा. मातीचा कण आत गेला तर पंपाचे नुकसान होते.

(२) पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू दोन आटे ढिला करा.

(३) हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सरळ धार. बुडबुडे बंद झाले की धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

(४) दुसरा फिल्टर असेल तर त्याचेही असेच करा. त्यानंतर पंपावरच्या स्क्रूचे.

(५) ॲक्सिलरेटर पुढे ओढून सेल्फ मारा. तरी चालू झाला नाही तर दोन नोझलांच्या पाइपचे नट एक-एक आटा ढिले करा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. नटाखालून डिझेल ठिबकायला लागले की नट आवळा. इंजिन धरते.

हातपंपाची दांडी ढिली-ढिली लागते आणि डिझेल येत नाही, तर पंप खराब झाला असे लगेच समजू नका. इंजिन ज्या जागी थांबले तिथे आतला कॅम दांडीला उचलून धरतो. सेल्फ जरासा मारून इंजिन थोडे फिरवा आणि पुन्हा बघा.

पाचव्या पायरीत एक गोष्ट जिवावर घेऊ नका. नोझलचे डिझेल दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाने निघते. तो फवारा कातडी फोडून आत जातो. दिसायला सुईच्या टोचण्यासारखे, पण आतले मांस सडते आणि बोट, हात कापायची पाळी येते. ढिल्या नटासमोर हात धरून बघू नका. चुकून लागलेच तर हळद लावून घरी बसू नका, त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेलचा फवारा आत गेला आहे असे डॉक्टरांना सांगा.

हवा काढली, ट्रॅक्टर चालला, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच झाले, तर हवा कुठून तरी रोज येते आहे. उभ्या ट्रॅक्टरखाली सकाळी डिझेलचा थेंब दिसतो का, ते बघा. जिथून उभ्या ट्रॅक्टरचे डिझेल ठिबकते, तिथूनच चालताना हवा ओढली जाते. बहुतेक वेळा तांब्याचा जुना वायसर किंवा चिरलेला रबरी पाइप असतो. प्रत्येक वेळी स्क्रू सोडला की वायसर नवा घाला.

फिल्टरखालच्या पेल्यात तळाला पाणी दिसले तर तळाचा स्क्रू सोडून ते काढून टाका. हे पाणी कुठून येते? रात्री अर्धी रिकामी टाकी थंड होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्याला धरते आणि थेंब-थेंब तळाला उतरते. म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवा. बॅरलमधले डिझेल तळ ढवळून काढू नका, बारीक जाळीतून गाळून घ्या. आणि स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल घालू नका. पंपातले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, रॉकेलने ते झिजतात.

माझी स्वतःची चूक

आता एक गोष्ट सांगतो. मी नवा-नवा मेकॅनिक होतो. जूनचा महिना, पेरणीची घाई. एका मालकाचा ट्रॅक्टर सकाळी चालू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटे चालायचा आणि घुसमटून बंद पडायचा. मग लवकर चालू व्हायचा नाही. तासाभराने पुन्हा चालू! मी फिल्टर बदलले, हवा काढली. फरक पडेना. मी म्हटले, पंप गेला. पंप उतरवून तालुक्याला पाठवला. चार दिवस गेले. पंप परत आला, बसवला, आणि ट्रॅक्टर पंधरा मिनिटांनी पुन्हा बंद.

तेव्हा मालकाच्या आईने, त्या बांधावर भाकरी घेऊन आल्या होत्या, विचारले, “टाकीच्या टोपणाला ते मातीचं घर कशाचं रं?” टाकीच्या झाकणाला हवा आत जायला एक बारीक छिद्र असते. त्यावर कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. डिझेल खाली जात होते, पण वरून हवा येत नव्हती. टाकी ओढ धरायची आणि डिझेल थांबायचे. तासाभरात कुठून तरी हवा झिरपली की परत चालू. झाकण ढिले केले तर ‘सुस्स’ आवाज आला. काडीने छिद्र मोकळे केले, झाले काम.

त्या घराची पेरणी लांबली, पंपाचा खर्च वाया गेला, आणि चूक माझी होती. मी सगळ्यात अवघड ठिकाणाहून सुरुवात केली होती. त्या दिवसापासून मी नियम केला : जे फुकट तपासता येते ते आधी तपासायचे. तुम्हीही हाच नियम धरा. चालून बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरचे टाकीचे झाकण आधी ढिले करून बघा.

धूर येतो, पण इंजिन धरत नाही

सेल्फ मारताना पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल आत जाते, पण पेटत नाही. हवा पुरेशी तापत नाही. बॅटरी कमजोर असल्याने इंजिन हळू फिरत असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत उसाच्या फडावर पहाटे असे होते. हीटरची सोय असेल तर पंधरा-वीस सेकंद तो तापू द्या, मग सेल्फ मारा. डिझेलमध्ये पाणी असले तरी पांढरा धूर येतो. हे सगळे ठीक असून रोजच पांढरा धूर आणि जड सुरुवात असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा नोझल झिजले आहेत. हे मेकॅनिकचे काम, ते पेरणीच्या आधी करून घ्या.

इंजिन धरते, पण काळा धूर टाकून दबते, तर हवेचा फिल्टर तुंबला आहे. नांगरटीच्या आणि मळणीच्या दिवसांत आपल्याकडे फुफाटा किती असतो, तुम्हाला ठाऊक आहे. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर भांडे उतरवा. तेलाचा चिखल झाला असेल तर डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घाला, खुणेच्या वर नाही. कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने धुऊ नका.

हे कधीही करू नका

सेल्फ लागत नाही म्हणून पुष्कळ जण खाली उभे राहून सोलेनॉइडच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा धरतात. ठिणगी उडते आणि ट्रॅक्टर चालू होतो. बंधूंनो, याने माणसे मेली आहेत. असा जोड दिला की गिअरचा आणि क्लचचा सेफ्टी स्विच बाजूला राहतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर त्याच क्षणी पुढे उडी घेतो, आणि उभा असलेला माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या बरोबर पुढ्यात असतो. पळायला वेळ मिळत नाही. स्विच बिघडला असेल तर स्विच बदला. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसूनच चालू करा, आणि पोरांना जवळ उभे करू नका.

हवेच्या तोंडातून पेट्रोल शिंपडणे, चिंधी पेटवून धरणे हेही नको. आग लागते, पिस्टन फुटतो.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू करायची वेळ आलीच, तर भक्कम साखळी, सपाट जागा आणि दोन्हीकडे जाणते ड्रायव्हर हवेत. वरचा गिअर टाका, क्लच हळू सोडा. साखळी आणि दोन ट्रॅक्टर यांच्या मध्ये माणूस नको.

नव्या ट्रॅक्टरवाल्यांसाठी

२०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. अशा पुष्कळ ट्रॅक्टरांत डिझेलचा दाब फार मोठा असतो आणि सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक असतो. त्यांच्या नोझलचे नट ढिले करायची आपली जुनी रीत तिथे चालत नाही, ती जिवावर बेतेल. बॅटरीची टोके, अर्थिंग, फ्यूज, डिझेल, फिल्टरमधले पाणी आणि हवेचा फिल्टर एवढे तुम्ही पाहा. डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला आहे तो लिहून ठेवा आणि कंपनीच्या मेकॅनिकला फोनवर तेच सांगा. म्हणजे तो लागणारे सामान घेऊनच येईल.

मे महिन्यातच करायची कामे

मृग ७-८ जूनच्या सुमारास निघतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ ट्रॅक्टरसाठी काढा. बॅटरीत पाणी घाला, तेही डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचे किंवा बोअरचे नाही. पाणी प्लेटांच्या वर बोटाच्या जाडीइतके असावे. आपल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला बघा. टोके घासा. फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या तासांनी बदला. पंख्याचा पट्टा ताणा, कारण पट्टा ढिला असला तर बॅटरी चार्ज होत नाही. वायरिंगवरून हात फिरवून उंदराची जागा शोधा. आणि दर दोन-तीन दिवसांनी ट्रॅक्टर अर्धा तास चालवा. महिनाभर उभा ट्रॅक्टर पेरणीच्या सकाळी दगा देणारच.

ट्रॅक्टरच्या पेटीत एवढे ठेवा : पान्यांचा संच, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, डिझेलचा एक जादा फिल्टर, तांब्याचे चार-सहा वायसर, चार फ्यूज, वीतभर रबरी पाइप, क्लिपा, पॉलिश पेपर आणि स्वच्छ चिंधी.

लक्षात ठेवा

० सेल्फ फिरत नाही – बॅटरी, टोके, अर्थिंग, सेफ्टी स्विच.
० फिरतो, धूर नाही – डिझेल, कॉक, बंद करायची मूठ, फिल्टर, हवा.
० चालून बंद पडतो – टाकीच्या झाकणाचे छिद्र, फिल्टर.
० पांढरा धूर – कमजोर बॅटरी, थंडी, डिझेलमध्ये पाणी, नाहीतर झीज.
० काळा धूर – हवेचा फिल्टर.
० खाली उभे राहून सेल्फला जोड देऊ नका.

मेकॅनिकला बोलवायचे तेव्हा नुसते “चालू होईना” असा निरोप देऊ नका. सेल्फ फिरतो की नाही, धूर येतो का, कोणत्या रंगाचा, आधी काय-काय उघडले, हे सांगा. मग तो बरोबर सामान घेऊन निघेल आणि तुमचा एक हेलपाटा वाचेल. वाफशाच्या दिवसात तो एक हेलपाटा म्हणजे एक एकराची पेर असते.

यंदाची पेरणी वेळेवर साधो. राम राम.